या रविवारी लेन्स कोणाकडे?

हरेश गेला आणि मी नवा कॅमेरा घ्यायला मोकळा झालो.

वाचून वाईट वाटलं ना? लिहितानाही वाटलं. पण खरं तेच आहे.

हरेश बोनकोड्याचा. वाशीच्या एपीएमसी बाजारात कांदे-बटाट्याचा टेम्पो चालवायचा. मी नेरूळचा, ऑफिसात अकाउंट्स बघणारा. आमची ओळख व्हायचं तसं काहीच कारण नव्हतं.

कारण झाले फ्लेमिंगो.

एका रविवारी सकाळी नेरूळच्या खाडीकाठी आम्ही दोघेच उभे होतो. दोघांच्या गळ्यात एकच मॉडेल. कंपनीचा सगळ्यात स्वस्त कॅमेरा, ज्याच्यासोबत बॉक्समध्ये छोटी लेन्स येते तो.

त्याने माझा कॅमेरा निरखून बघितला.

"सायेब, तुमच्यात पन पक्षी मुंगीएवढेच दिसतात काय?"

"मुंगी बरी. माझ्यात नुसते ठिपके आलेत."

असा हसला की समोरचे निम्मे पक्षी उडाले.

पुढे आम्ही दोघांत मिळून एक मोठी लेन्स घेतली, लांबचं जवळ आणणारी. अर्धी त्याची, अर्धी माझी. एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. रविवारी खाडीवर भेटलो की आधी बॅग समोरच्याच्या हातात द्यायची, मग चहा.

घरी मात्र मी सांगून ठेवलं होतं, लेन्स हरेशची आहे, बिचारा मधूनमधून वापरायला देतो.

(ही पोस्ट बायको वाचणार. वाच गं. आता काय लपवायचं?)

हरेशला नव्या कॅमेऱ्यांचं भयंकर वेड. टेम्पोत माल भरेपर्यंत मोबाइलवर रिव्ह्यू बघत बसायचा. मग मला ऑफिसात फोन.

"सायेब, कॅमेऱ्याची नवीन बॉडी आली. एका सेकंदात ढीगभर फोटो काढते."

"अरे, एवढे बघणार कोण?"

"रिटायर झाल्यावर आपन दोघं."

गेल्या दिवाळीत बोनस मिळाला आणि मी ठरवलं, बास झालं, आता अपग्रेड करायचंच. पक्ष्यांसाठी भारी अशी एक मिररलेस बॉडी होती, पण दुसऱ्या कंपनीची. आमची लेन्स तिला बसत नव्हती.

हरेश माझ्यासोबत वाशीला दुकानात आला. माझ्यापेक्षा तोच जास्त खूश. कॅमेरा हातात घेऊन त्याने दुकानदारावरच फोकस लावला.

"बघा सायेब, डोल्यावर कसा चिकटलाय! मानूस हलला तरी सोडत नाय."

मी कार्ड काढलं. त्याने कॅमेरा हळूच काउंटरवर ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मी मागोमाग गेलो. "काय झालं रे?"

"काय नाय. घ्या तुमी, भारी हाय." मग जरा वेळाने म्हणाला, "फक्त मग रविवारी आपन भेटायचं कशाला?"

एवढा मोठा माणूस, टेम्पोवाल्यांच्या भांडणात मध्ये पडणारा, आणि माझ्याकडे बघत नव्हता.

मी कार्ड खिशात टाकलं. म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू."

"तेच बोलतो मी! पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येनारच हाय!"

पुढचं वर्ष बघायला तो थांबला नाही. बाजारातून घरी आला, जेवला, जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. अटॅक.

त्याच्या पुतण्याचा फोन आला. "काका, बॅनरला लावायला एखादा फोटो हाय काय?"

एखादा?

लेन्स हरेशकडे असायची त्या रविवारी माझ्याकडे ती छोटी लेन्स. तिच्यात पक्षी येत नाहीत. मग जवळ जे दिसेल ते टिपायचं, आणि जवळ दिसायचा हरेश. एक डोळा मिटलेला हरेश, चिखलात पाय रुतलेला हरेश, फोटो हलला म्हणून स्वतःलाच शिव्या घालणारा हरेश. आमच्या दोघांकडे आपापली मोठी लेन्स असती, तर यातला एकही फोटो माझ्याकडे नसता.

हसतानाचा एक पाठवला. मनात धाकधूक होती, स्वस्तातल्या कॅमेऱ्याचा फोटो एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर फाटणार, नुसते ठिपके दिसणार.

नाही फाटला. बोनकोड्याच्या नाक्यावर बॅनरखाली उभा राहून बघितलं. मिशीचा केस न् केस दिसत होता. म्हटलं, हरेशला आत्ता फोन करून सांगतो की बघ, बॉडी बदलायची काही गरज नाही.

फोन खिशातून काढलाही. मग तिथेच उभा राहून रडलो.

परवा तेरावं झालं. आज रविवार. सकाळी त्याच्या घरी गेलो, तर संगीता वहिनींनी, त्याच्या बायकोने, लेन्सची बॅग माझ्यासमोर आणून ठेवली.

"भाऊजी, तुमची वस्तू घेऊन जा. हे नेहमी बोलायचे, सायेबांची हाय, पोरांना हात लावू देऊ नको."

म्हणजे यानेही घरी तेच केलं होतं!

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. वहिनी बघतच राहिल्या. मग सगळं सांगितलं. अर्धी त्याची, अर्धी माझी, आठवड्याआड पाळी, रविवारी बदली.

त्या कितीतरी वेळ बॅगेच्या पट्ट्यावरून हात फिरवत बसल्या.

"मंग आज तुमची पाली?"

"हो."

"पुढच्या रविवारी आनून द्याल ना? ह्यांची पाली हाय."

"आणून देतो," म्हटलं.

तिथून थेट खाडीवर गेलो. फ्लेमिंगो आलेत. मोठ्या लेन्समधून अगदी डोळ्यांपर्यंत दिसतात. शेजारी चिडवायला कोणी नव्हतं.

आता तरी कॅमेरा बदल, असं दोघातिघांनी सांगितलं. नाही बदलत. नव्या बॉडीला आमची लेन्स बसत नाही.

हरेश, मित्रा, तुला शेवटचा रामराम.

पुढच्या रविवारी लेन्स तुझ्या घरी.