घोडीच्या कानातला बँड

माझ्या धाकट्या साडूने मला फसवले. दिवसाढवळ्या, माझ्याच जागेत उभे राहून, माझ्याच घरून आलेला चहा पिता पिता फसवले. कोल्हापूरच्या शाहूपुरीत मी डोक्यावर पोती वाहण्यापासून सुरुवात केली आणि आज बारदानाच्या स्वतःच्या दुकानात गादीवर बसतो. मधल्या काळात मला गंडवायला कैक जण आले. गोड बोलणारे आले, देवाच्या शपथा घेणारे आले, रडणारेही आले, आणि सगळे आले तसे परत गेले. त्यांना जे जमले नाही ते अशा माणसाने करून दाखवले, ज्याला मंडईत कोथिंबिरीची जुडीसुद्धा भाव करून घेता येत नाही. भाजीवाली सांगेल ते देतो आणि वर तिलाच विचारतो, "परवडतंय न्हवं, मावशी?"

तो माझा साडू झाला तोही माझ्याच लग्नामुळे. शिवाजी पेठेतल्या एका बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा. माझे सासर जयसिंगपूरचे. वरात तिथल्या रस्त्यावरून निघाली तेव्हा मी घोड्यावर होतो आणि तो घोड्याच्या पुढे. बँडचा दर मी स्वतः बसून, आवाज चढवून, पार तळाला नेला होता. त्याचा सूड म्हणा की काय, माझ्या धाकट्या मेव्हणीने अख्ख्या वरातीत नवरदेवाकडे एकदाही पाहिले नाही, ती क्लॅरिनेटकडेच बघत राहिली. पुढे घरात रीतसर आरडाओरडा झाला, सासऱ्यांनी जेवण सोडले, सासूबाईंनी बोलणे सोडले, आणि शेवटी व्हायचे ते लग्न झाले. तेव्हापासून तो मला अण्णा म्हणतो आणि माझ्या बायकोला अक्का. माझ्या वरातीचा विषय निघाला की त्याचे डोळे कुठेतरी लांब लागतात. नवरदेव कसा दिसत होता हे त्याला अजिबात आठवत नाही. "अण्णा, तुमचा घोडा डाव्या पायानं लंगडत हुता," तो सांगतो. "म्हणून मी गाणं हळू धरलंतं. बँडमास्तर मला डोळं वटारत हुता. पण तुम्ही पडला न्हाईसा."

हा माणूस सगळे जग घोड्याच्या बाजूने बघतो, हे ध्यानात यायला मला फार वर्षे लागली. तो कुणाच्या अगदी समोर उभा राहून बोलत नाही आणि पाठीमागूनही येत नाही. जरा तिरका, खांद्याच्या रेषेत उभा राहतो, कारण घोड्याला बाजूचे दिसते आणि नाकासमोरचे दिसत नाही. घरी आलेल्या पाहुण्याशीही तो असाच उभा राहतो, आणि पाहुणा बिचारा मान वळवून वळवून अवघडून जातो. अंगावर सतत हळदीचा आणि ओल्या गवताचा वास. घोड्याच्या पायातली नाल दारावर ठोकली की घरात बरकत येते असे लोक समजतात, म्हणून पेठेतले चार शहाणे त्याच्याकडे जुनी नाल मागायला येत. हा कुणाला देत नसे. "ज्याच्या पायातनं काढली त्याला तिनं काय दिलं न्हाय," म्हणायचा. "तुम्हाला काय देणार?" आणि खिशातला शेंगदाणा सोलून खात बसायचा.

त्या वर्षांत कोल्हापुरात घोड्यांचे दिवस भरत आले होते. रिक्षा वाढल्या तसे स्टेशनवरचे टांगे एकेक करून उठले. वरातीच्या घोड्यांना लग्नसराईपुरती चंदी-वैरण मिळे, आणि सराई संपली की मालक त्यांना सरळ सोडून देत. मग ती जनावरे रंकाळ्याच्या काठाने नाहीतर पंचगंगेच्या घाटावर उकिरडे हुंगत हिंडत. माझा साडू असे एखादे जनावर घेऊन यायचा. त्याची जखम जनावरांचा डॉक्टर बघायचा. कान मात्र साडू बघायचा. कारण त्याचा स्वतःचा एक सिद्धांत होता: वरातीच्या घोड्याच्या कानात बँड साचतो. घोडा बाहेरून बरा दिसतो, पाठ भरून येते, पोट सुटते, पण आत बँड वाजतच राहतो, म्हणून तो झोपत नाही. तो बँड बाहेर काढायची रीतही त्याने शोधली होती. आधी नुसते क्लॅरिनेट मांडीवर घेऊन घोड्याशेजारी बसायचे आणि वाजवायचे नाही. असे कितीतरी दिवस. मग एक दिवस सूर न काढता नुसती फुंकर मारायची. मग एकच सूर, तोही इतका खालचा की शेजारी बसलेल्या माणसाला तो ऐकू आला की भासला ते सांगता येऊ नये. "बँड ज्या वाटंनं आत गेला त्याच वाटंनं भायेर काढाय पायजे की, अण्णा," तो म्हणायचा. मी म्हणायचो, तुझ्या कानात काय साचलंय ते आधी बघ.

फुकट न सुटणारे जनावर असले की त्याला माझी गरज पडायची. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने करत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि त्याच्या आत एकमेकांची बोटे दाबायची. किती बोटे धरली त्यावरून आकडा कळतो, आणि भोवती उभे राहिलेल्यांना काही समजत नाही. तोंडाने मात्र जनावराची खोड काढत राहायचे, म्हणजे भाव उतरतो. या कामात मला तोड नव्हती, आणि सगळा घोळ साडूच घालायचा. मी म्हणायचो, "दात बघा की, म्हातारी झालीया," आणि हा मागून म्हणायचा, "पण डोळं बघा, मालक, कसलं हायत." भाव तिथल्या तिथे चढायचा. शेवटी मी त्याला लांब चहाच्या गाड्यावर पाठवायला लागलो. पण सौदा झाला की तो धावत यायचा, घोड्याच्या कानाला तोंड लावायचा आणि मी काढलेली एकेक खोड ओळीने खोडून काढायचा. म्हातारी न्हाईस, लंगडी न्हाईस, आंधळी तर मुळीच न्हाईस. एका मालकाने ते बघून मला बाजूला घेतले. "पावणं, ह्यो माणूस कोण म्हणायचा?" मी म्हणालो, "घरचाच हाय." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

ती पांढरी घोडी अशाच एका बाजारातून आली. जरीच्या खोगिराखाली पाठ सडलेली, आणि कुकरच्या शिट्टीला, देवळातल्या घंटेला, सायकलच्या घंटीलाही थरथरणारी. तेव्हा रंकाळ्याच्या पलीकडे माझी एक मोकळी जागा होती. ती मी गोदामासाठी घेतली होती, आणि तिच्यासाठी मूळ मालकाशी इतका भांडलो होतो की तो अजून मला ओळख देत नाही. साडू म्हणाला, "अण्णा, आठ दिवस ठेवतो." आठ दिवस ही त्याची काळ मोजायची एकमेव रीत आहे, तिच्यात पावसाळेही बसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आठ दिवस उलटून बरेच झाले, तेव्हा मी घोडी बाहेर काढायला तावातावाने तिथे गेलो.

घोडी कोपऱ्यात उभी होती. गळ्यात दावे नव्हते. तरी ती चार पावले चालायची, थांबायची, जणू कुणी ओढले अशी मान वळवायची आणि परत फिरायची. दावे कधीच सुटले होते, पण त्याच्या लांबीएवढीच जागा तिला ठाऊक होती. मी ओरडायला तोंड उघडले तशी ती थरथरली. मग मी साडूशी हळू आवाजात भांडलो. जन्मात पहिल्यांदा. तोही माझ्या घरून आलेला चहा पीत हळू आवाजात उत्तरे देत होता. लांबून कुणी बघितले असते तर म्हटले असते, किती प्रेमाने बोलताहेत दोघे. त्या भांडणात त्याने आपली अट सांगितली: जनावर बरे झाले की आपल्याकडे ठेवायचे नाही, ज्याला त्याची गरज असेल त्याला द्यायचे. "बरं झालेलं धरून ठेवलं की पुन्हा बांधलंच की त्याला," तो म्हणाला. ही घोडी काही बरी होत नाही, असे समजून मी मान हलवली. घासाघीस न करता कबूल केलेला तो माझा एकमेव सौदा.

मग मी रोज जाऊ लागलो, तो माझी जागा ताब्यात आहे ना ते बघायला. संध्याकाळी दुकानाचे शटर ओढून निघायचे. वाटेवर गुऱ्हाळांचा गोड धूर खाली उतरलेला असे, रंकाळ्याच्या पाण्यावर उजेड थोडा वेळ रेंगाळे, आणि जागेच्या कुंपणाशी पोहोचण्याआधीच तो खालचा सूर अंगाला लागे. मी एका उपड्या घातलेल्या पाटीवर बसायचो. साडू वाजवायचा किंवा वाजवायचा नाही, दोन्हीत फारसा फरक नसे. धुक्यात ती घोडी कधी दिसे, कधी नुसता तिचा श्वास दिसे. तिची पावले वाढत गेली. एक दिवस ती कडुलिंबापर्यंत आली, एक दिवस कुंपणापर्यंत, आणि एक दिवस माझ्यापर्यंत. माझ्या सदऱ्याला पोत्यांचा वास असतो. तो तिने नीट हुंगला आणि हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवून दिली. घोड्याचे डोके किती जड असते हे मला माहीत नव्हते. मी हललो नाही. घरी बायकोने विचारले, "खांदा का धरून बसलाईसा?" मी म्हणालो, पोते उचलले. ती म्हणाली, "गादीवर बसून?"

ज्या संध्याकाळी ती घोडी पहिल्यांदा जमिनीवर आडवी झाली, पाय पसरून, कान सैल सोडून झोपली, त्या संध्याकाळी साडूने सूर अर्ध्यातच सोडला. खोकला आला तर मी तो गिळला. दुकानात माझा आवाज इतका उतरला की जुनी गिऱ्हाइके घाबरून विचारू लागली, अण्णा, तब्येत बरी हाय न्हवं.

तोवर वरातींत डॉल्बी आला होता. बँडांची कामे सुटत गेली, साडूचेही सुटले. त्याने त्याबद्दल एकदाच तोंड उघडले. "बरं झालं," म्हणाला. "आता माझ्या बी कानातनं जाईल."

आणि मग गगनबावड्याकडच्या एक बाई आल्या. डोंगराच्या पोटाला त्यांची शेती, तिथे एक म्हातारा घोडा. त्याची जोडीदार घोडी मेल्यापासून तो फाटकाकडे तोंड करून उभा राहतो, गवताला तोंड लावत नाही. "सोबत पायजे त्याला," बाई म्हणाल्या. "कामाला न्हाय लावणार. नुसती सोबत." साडू म्हणाला, "बघू, घोडी काय म्हणत्या." त्याची एक शेवटची परीक्षा होती: वरात जवळून जाऊ दे, आणि जनावर चरत राहिले पाहिजे. लग्नसराईच होती. त्याच दुपारी पलीकडच्या रस्त्यावरून डॉल्बी लावलेली वरात आली. कुंपणाचे पत्रे थरथरले. मी घोडीकडे बघत मनात म्हणत होतो, दचक बाई, एकदा तरी दचक. तिने एक कान तिकडे वळवला, जरा ऐकले, आणि गवताचा पुढचा घास घेतला.

साडू हसत माझ्याकडे आला. मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बाई बघत होत्या, त्यांना वाटले आम्ही काहीतरी ठरवतो आहोत. आत मी त्याच्या हातात माझा सगळा पंजा उघडून दिला. बाजारात असे कुणी करत नाही. याचा अर्थ, तू म्हणशील ते. ही जागा घे, गोदाम नको, आणखी हवे ते माग, पण घोडी राहू दे. त्याने एकही बोट दाबले नाही. माझा हात नुसता हातात धरला आणि तसाच धरून उभा राहिला. मग त्याने टॉवेल घडी करून माझ्या खांद्यावर परत ठेवला आणि फाटक उघडायला गेला.

तिला कुणी ओढले नाही. बाई पुढे चालू लागल्या, ती जरा थांबली आणि त्यांच्या मागून निघाली, बाईंनी आणलेल्या टेंपोची फळी आपणहून चढली. तिने मागे वळून बघितले नाही. म्हातारा घोडा आता खातो, असा निरोप पुढे आला. बायकोने तो मला सांगितला. मी म्हणालो, मला कशाला सांगतेस?

तेव्हापासून साडूशी माझे बोलणे नाही. माझ्या जागेत आता आणखी जनावरे आहेत आणि गोदाम अजून नाही. तो तिथे सकाळी येतो, मी नसतो तेव्हा. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. त्या दिवशी त्याने घोडीला विचारले. बाईंना विचारले. डोंगरातल्या, कधी न बघितलेल्या म्हाताऱ्या घोड्याला काय वाटेल याचाही विचार केला. मला कुणी विचारले नाही. का विचारले नाही, याचे उत्तर मला पाहिजे, आणि ते त्याने दुसऱ्याकडून न पाठवता स्वतः येऊन द्यावे. संध्याकाळी मी तिथेच असतो.