अलीचं माप

जावा बेटावरच्या सिंगापार्ना गावच्या बाजारात एनोकला सगळे ‘चेउ’, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, मग चेउ आणि तिची कढई एवढाच संसार उरला. तांदळाचं पीठ गुळाच्या पाकात भिजवायचं, रात्रभर मुरू द्यायचं, केळीच्या पानावर गोळा थापून मधोमध बोट खुपसायचं आणि तेलात सोडायचं. या गोड कड्याला तिथे अली म्हणतात. अंगठीलाही अलीच म्हणतात. सगळा घोटाळा झाला तो त्यापायी.

टोपल्या विणणारा आदांग विधुर होता. बोलायला भिडस्त, पण चेउची अली खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे. एका सकाळी तो मान खाली घालून पुटपुटला, “चेउ, तुम्हाला एक अली द्यावी म्हणतो.”

“मला?” चेउ झारा निथळवत हसली. “अहो, पहाटेपासून मी दुसरं काय तळतेय? ठेवा तुमची तुमच्यापाशी!”

शेजारची भाजीवाली इयोसही खो खो हसली. आदांग मात्र हसला नाही. उठून गेला तो पुन्हा फिरकला नाही.

काही दिवसांनी इयोसच धावत आली. “अगं बये, त्याच्या मुठीत खरीखुरी अंगठी होती! सोनाराच्या बायकोनं सांगितलं.”

चेउनं कढई चुलीवरून उतरवली. या वयात लोक तोंडाला पदर लावून हसतील, याची तिला धास्ती होती. पण रोज एकटीनं जेवायला बसण्याचा तिला त्याहून कंटाळा आला होता. आणि इतके दिवस आपण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो ते काही गिऱ्हाइकासाठी नव्हे, हे तिला आता कुठे उमगलं.

तिनं उरलेल्या पिठाची इवलीशी अली केली. तेलात पीठ फुगलं नि भोक बुजलं. दुसरी बोटात अडकली. पुढची मात्र मनासारखी उतरली. ती पानात गुंडाळून चेउ तडक आदांगच्या दुकानात गेली.

“एवढीशीच?” पान उघडून तो म्हणाला.

“माप आहे ते. तळून तळून बोटाचा सांधा सुजलाय माझा. सोनाराला म्हणावं, या भोकाएवढी सैल करून दे.”

आदांग टोपल्या तशाच टाकून उठला.

“आणि हे बघा,” चेउ मागून ओरडली, “वाटेत खाऊन टाकू नका!”