कुठले राव?

अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं. नवरीच्या मामांनी ते ओढून घेतलं. जोरात नाही. हसत हसत, माझ्या बोटाला बोट लागू न देता.

"असू द्या, असू द्या. तुम्ही आपलं लाइटचं बघा."

मग मामी आल्या. त्यांनी तो अंतरपाटच घडी घालून खुर्चीखाली सारला आणि कुणाच्या तरी खांद्यावरची शाल मागून आणली. कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं कापड खाली, आणि नवरा-नवरीच्या मध्ये शाल. मंगलाष्टकं सुरू झाली.

मी खाली उतरलो, लाइट उचलला आणि त्या शालीवर उजेड धरला. मामांचा चेहरा अंधारात येत होता, तर लाइट स्वल्प वळवून त्यांच्यावरही नीट पाडला. त्याची लाज वाटते. अपमान त्यांनी केला, आणि उजेड मी दिला.

मी लग्नात फोटोग्राफरचा असिस्टंट. फोटो मंजू काढतो, लाइट मी धरतो. मंजू इथला, बेंगळुरचा कानडी, माझ्या पोराच्या वयाचा. सत्तरी ओलांडली माझी, पण या कामाला लाइट बॉय म्हणतात. त्याचं मला काही नाही. मान खाली घालून काम कधी केलं नाही, हीच माझी घमेंड होती.

त्या दिवशी लग्न व्हाइटफील्डला होतं, मोठ्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये. पुण्याकडची माणसं, नवरीचे वडील इथं सरकारी नोकरीत इंजिनियर. सकाळी मंजूनं लांबून हाक मारली, "रावण्णा, लाइट वर!" राव अण्णाचं तो रावण्णा करतो. मामांनी ते ऐकलं.

"राव का तुम्ही? मराठी?"

"हो. मराठीच."

"अरे वा. म्हणजे आपल्यातलेच की."

आता हे सांगायला पाहिजे. आमच्या बेंगळुरात मराठी बोलणाऱ्याच्या नावामागे राव लागतोच. शिंपी असो, मराठा असो, चांभार असो. आडनावं आजोबा-पणजोबांच्या काळातच गळाली. माझ्या आधार कार्डावरही राव आहे. पुण्याच्या माणसाला राव म्हटलं की त्याच्या डोक्यात एकच जात येते, ब्राह्मण. हे मला ठाऊक होतं. त्या वेळी सुचलं नाही म्हणा, किंवा सुचू दिलं नाही म्हणा.

कारण त्यांनी मला खुर्ची दिली. बाकीच्या कामवाल्यांना कागदी कपात कॉफी, मला घरच्या माणसांबरोबर स्टीलच्या पेल्यात. मामी म्हणाल्या, "काका, पोहे घेतले का?" चौथी शिकलेला माणूस मी. कुणी इंजिनियरच्या घरचा मला काका म्हणतो, शेजारी बसवतो, आणि माझी पाठ ताठ होते. बरं वाटलं मला. खूप बरं वाटलं.

अंतरपाट धरायला नवऱ्याचा चुलतभाऊ येणार होता. तो ट्रॅफिकमध्ये अडकला. मुहूर्त जवळ आला. मामा म्हणाले, "काका, तुम्हीच धरा ना एक बाजू. आपलेच आहात." मी लाइट स्टँडवर लावला, चप्पल काढली आणि वर गेलो. जन्मात कुणी मला मंडपात वर बोलावलं नव्हतं. लाइट घेऊन कडेला उभं राहणं वेगळं.

नवरी यायला वेळ होता म्हणून मामा बोलत बसले.

"राहायला कुठं?"

"शिवाजीनगरला."

"अहो, आमचं घर तिथून दहा मिनिटांवर. मॉडर्न कॉलेजकडे की स्टेशनकडे?"

"पुण्याचं नव्हे. इथलं शिवाजीनगर. बसस्टँडच्या मागं."

ते हसले, मीही हसलो. "कुठले राव मग मूळचे? वडील काय करायचे?"

"खोगीर शिवायचे. कॅन्टोन्मेंटात घोडे होते तेव्हा. मग जोडे. आम्ही चांभार."

मी साधं सांगितलं. बापाचं काम कुणी विचारलं तर सांगायचं, दुसरं काय करायचं? मामांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं. नंतर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

अक्षता पडल्या, हार घातले. मामा खाली माझ्याजवळ आले. आवाज बारीक.

"काका, राग मानू नका हं. आम्ही घरात असलं काही पाळत नाही. पण मुलाकडची म्हातारी माणसं आहेत. एक सांगू? नुसतं राव सांगून थांबायचं. कोण विचारत बसलंय?"

"तुम्हीच विचारलं."

"अहो, ते आपलं बोलायचं म्हणून." मग मंजूकडे वळून म्हणाले, "सप्तपदीला यांना लाइट खालूनच धरू दे. वर गर्दी नको."

वर गर्दी नव्हती. मंजूला सगळं कळलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, स्वल्प अॅडजस्ट माडी." थोडं जमवून घ्या. या गावात बसमध्ये जागा मागताना म्हणतात तसं. आजवर मी हे कितीदा ऐकलं असेल, आणि दर वेळी सरी, म्हणजे बरं, म्हणून सरकलो असेन.

माझ्या तोंडाशी सरी आलंच होतं.

मी म्हटलं, "वर उभा राहून धरीन. नाहीतर धरणार नाही."

"काका, शुभकार्यात तमाशा नको," मामा म्हणाले.

"मंजू, तू सांग."

मंजू लेन्स पुसत राहिला. मी लाइट बंद केला, वायर गुंडाळली, स्टँडचे पाय मिटवले आणि सगळं त्याच्या पायाशी ठेवलं. सामान त्याचं होतं. चप्पल घातली. सामानवाले मागच्या दारानं जातात. मी पाहुण्यांच्या मधून पुढच्या दारानं गेलो. कुणी अडवलं नाही. जिना कठड्याला धरून उतरलो. शूरासारखं काही वाटलं नाही. आपण उघडे पडलो असं वाटत होतं.

घरी सांगितलं नाही. सुनेनं विचारलं, लवकर आलात? काम लवकर झालं म्हटलं.

काही दिवसांनी मंजूचा फोन आला. "अण्णा, झालं ते झालं. पुढचं लग्न पण तुमच्याच लोकांचं, मराठी. तुम्ही पाहिजे. पण जातीचं काही बोलू नका. राव म्हणा, पुरे."

"बोलणार."

"कुणी विचारलं नाही तर?"

"तरी बोलणार. मला कुणी आपल्यातले म्हटलं की पहिलं तेच बोलणार."

"मग मी कसं बोलवू तुम्हाला?"

"ते तू ठरव."

त्यानं ठरवलं. फोन येत नाही. घरी बसून आहे.

लाज गेलेली नाही. त्यांनी टोक ओढलं त्याची आहे, आणि त्याआधी मला बरं वाटलं त्याची जास्त आहे. ती मरेपर्यंत राहील, राहू दे. राव माझा आहे, तो मी टाकणार नाही. पण त्याच्या आड माझ्या बापाला लपवणार नाही. ज्याला राव पाहिजे, त्यानं चांभारासकट घ्यावा. नको असेल तर त्यानं आपल्या अंधारात लग्न लावावं.