आपाची हिरवी पट्टी

आपाचा आवाज दांडगा होता. संगणकावरचं आकड्यांचं शीट टीव्हीच्या पडद्याला जोडायच्या आधी ती "हात वर!" असं ओरडायची आणि आमच्या केबल चॅनेलच्या कचेरीतले सगळे, मालकासकट, कीबोर्डवरून हात उचलून बसायचे. एकदा चहावालाही किटली खाली ठेवून हात वर करून उभा राहिला. त्याला म्हणाली, "तू चहा ओत रे, तू थोडाच टीव्हीवर जाणारैस?"

ती किनाऱ्यावरच्या नाटे गावची. वयाने आम्हा सगळ्यांहून लहान, तरी सगळे तिला आपा, म्हणजे थोरली बहीणच म्हणायचे. पडद्यावरची अक्षरं हे तिचं काम. पूर्वी मतमोजणी असो की बाजारभाव, एकेक आकडा ग्राफिक्समध्ये हाताने भरावा लागे. आपाने एक शीट त्या सॉफ्टवेअरला थेट जोडलं. रकान्यात लिहिलं की क्षणात पडद्याखालच्या पट्टीवर. याचा तिला भारी तोरा. "मुंबईचं पोर आणलं असतंत तर अजून वायरीच सोडवत बसलं असतं," असं मालकाला तोंडावर सुनवायची.

मी बातम्यांचा संपादक, पण उमेदवारी छापखान्यात केलेली. आमची चूक प्रुफात सापडायची. ती मला बजावायची, "काका, इथे प्रूफ नाय. ही पेटती चूल. हात लावलात की भाजलंच." म्हणून तिने शीटात खात्रीचा वेगळा रकाना ठेवला होता. त्यात तिने स्वतः 'हो' लिहिल्याशिवाय ओळ पट्टीवर जात नसे.

वादळात बंदराला लागलेल्या होड्यांची पट्टी ही कल्पनाही तिचीच. बुरोंडीपासून नाट्यापर्यंतचे लोक फोन करायचे, आम्ही होडीच्या नावापुढे 'पोहोचली' लिहायचो आणि ओळ हिरवी व्हायची. किनाऱ्यावरच्या घरांतल्या बायका त्या हिरव्या ओळीसाठी टीव्हीपुढून हलायच्या नाहीत. फोनवर आपाचा एकच प्रश्न, "बघून सांगताव की ऐकून?" ऐकून म्हणाला की फोन आपटायची.

त्या सकाळी समुद्र उसळला होता आणि फोन थांबत नव्हते. आपाचं खात्री करणं मागे पडू लागलं. मालक येरझाऱ्या घालत म्हणाला, "आपल्याआधी लोकांच्या मोबाइलवर येतंय!" मी आपाला म्हटलं, "तो रकाना काढून टाक."

"काका, नको."

"मी सांगतोय ना? काढ."

तिने काढला.

पूर्णगडला दोन होड्या आल्याचा फोन मी घेतला. पहिलीपुढे 'पोहोचली' लिहिलं. दुसरीसाठी तोच शब्द माउसने खाली ओढला, आणि तो एक ओळ जास्त ओढला गेला. तिसरी होडी नाट्याची होती, इस्माईल तांडेलची. ती हिरवी झाली. मी बघितलंही नाही, पुढचा फोन उचलला.

नाट्याच्या जेटीवर तेव्हा एक मोठी लाँच इस्माईलच्या शोधाला निघत होती. कोणी तरी मोबाइलवर आमचं चॅनेल दाखवलं. "आली रे, पूर्णगडला लागली असेल!" लाँच पुन्हा बांधली गेली. आपाच्या ध्यानात येऊन तिने ओळ पुसली, गावात फोन केले, पण तोवर समुद्र इतका चढला की कोणाला बाहेर पडता आलं नाही. इस्माईलची होडी बुडाली; तिच्यावरचे खलाशी डिझेलच्या कॅनना धरून किनाऱ्याला लागले. इस्माईल लागला नाही.

मालकाने विचारलं, "हे लिहिलं कोणी?"

पूर्णगडचा फोन मी घेतला होता, हे आपाला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. ती मला वेळ देत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चष्मा पुसत राहिलो.

"शीट कोणाचं?" मालकाने विचारलं.

"माझं," आपा म्हणाली.

तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. इस्माईलला आपाने बुडवला, असं गावात झालं. विहिरीवर बायका बोलेनाशा झाल्या. ठरत आलेलं लग्न मोडलं. हे सगळं मला कळत होतं आणि मी दर महिन्याला ठरवत होतो की या महिन्यात बोलायचं. मग ती मस्कतला कुणाच्या घरी कामाला गेली. ती तिथेच तापाने गेल्याचं परवा बाजारात कळलं. मासे घेता घेता. पिशवी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी नाट्याला गेलो. इस्माईलची म्हातारी आई ओट्यावर सुकट निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं, "ते मी लिहिलं होतं. आपाने नाही." ती ओरडेल, काही फेकून मारेल, असं वाटलं होतं. तिने सुकट बाजूला सारली.

"ती यायची हो," म्हातारी म्हणाली. "इथं, खालच्या पायरीला उभी ऱ्हायची. मी तोंड फिरवायची. एकदा इचारलं, तूच लिवलंस ना? तर म्हणाली, चाची, काका येऊन सांगतील."

तिने सुकट पुन्हा पुढे ओढली.

"आमी काय तुमची वाट बघितली नाय. ती बघत होती."