फक्त उजवी पापणी

पार्लरच्या बाईंनी प्लाझ्मा पेन आणलं तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. दिसायला जाडसर पेनच, पण त्याचं टोक कातडीला टेकवायचं नसतं. केसभर वर धरलं की चट् करून ठिणगी उडते, बारीक चटका बसतो आणि तपकिरी ठिपका उरतो. आठवड्याभरात खपल्या पडतात, सैल कातडी आवळते. भुवया कोरून कोरून बाईंचा जीव विटला होता. त्यांना हे फार भारी वाटलं.

क्लासात शिकवणाऱ्या मॅडम दर वेळी समोरच्या बाईचा उजवा अर्धा चेहरा करून दाखवत, म्हणजे डाव्याशी ताडून फरक कळावा. डाव्या अर्ध्यांचं पुढं काय झालं, हे विचारायचं एकीलाही सुचलं नाही. बाई तशाच शिकल्या, आणि घरी येऊन संत्र्यांवर सराव केला. तोही उजव्या अंगालाच.

"या संत्र्याला कांजिण्या आल्यात का गं?" नवऱ्याने विचारलं.

"गप सोलून खा."

पण संत्री काही गावभर बोलत फिरत नाहीत. गिऱ्हाइकं पेन बघताच मागं सरत होती. कुणीतरी आधी करून घ्यायला हवं होतं, आणि तेही बोलकं. तशी एकच होती, थोरली नणंद. शाळेत उपमुख्याध्यापिका. तिनं वाखाणलं की दुकान चालायचं, तिनं नाक मुरडलं की शटर खाली. शिवाय तिच्या पापण्या अशा ओघळलेल्या, की वर्गात पोरांना वाटे बाई पेंगतायत.

"कर बाई," नणंद खुर्चीत बसली. "पण माझं माकड केलंस तर गाठ माझ्याशी आहे."

बधिर करणारं मलम लावून उजवी पापणी झकास झाली. ठिपके कसे, ओळीनं बसलेल्या मुंग्या. मग बाई डावीकडं आल्या, आणि हात परका झाला. स्वतःचीच सावली आडवी यायला लागली. नाक मध्ये, कोपर भिंतीला. पेन घसरलं, ठिणगी भुवईत गेली, खोलीभर जळक्या केसांचा वास सुटला.

"अगं, मी पेटलेय का?"

"नाही हो वन्सं, दोनच केस…"

नणंद टॉवेलसकट उठली आणि तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा भज्यासारखा फुगला. फोनवर ती एवढंच म्हणाली, "तुझं पेन आणि तू!" आणि फोन आपटला. बाईंनी पेन कपाटात टॉवेलांच्या खाली कोंबलं. आता जन्मभर भुवया. नवरा समजूत घालायला गेला, तर त्याच्यावरच खेकसल्या.

सूज उतरली, खपल्या पडल्या, काही आठवडे गेले. एका दुपारी नणंद दारात उभी. उजवा डोळा टक्क उघडा, डावा निम्मा मिटलेला. मागं शाळेच्या मुख्याध्यापिका. बाईंना वाटलं, तक्रार करायला वरिष्ठांना घेऊन आली की काय?

"वन्सं, बसा ना. डावी पण… करून टाकते." बाईंनी खुर्ची पुढं ओढली.

"खबरदार हात लावलास तर!" नणंद कडाडली. "अगं, वर्गात काय दरारा बसलाय! एक डोळा झोपलेला, एक जागा. मी कुणाकडं बघतेय हे कुणालाच कळत नाही. मागच्या बाकावरचा पक्का चुकार, तोसुद्धा परवा आपणहून उभा राहून म्हणाला, बाई, चूक झाली. मी त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते!"

"भुवईचे केस?"

"आले परत. तेवढ्यावरून काय डोकं खातेस?"

मुख्याध्यापिका घसा खाकरून पुढं झाल्या. "आमच्या शिक्षकांच्या मीटिंगा तुम्ही पाहिल्या नाहीत. कुणी ऐकत म्हणून नाही. मलाही हेच हवंय. पण एकच डोळा हं, दोन्ही नकोत."

बाईंनी जपून विचारलं, "कोणता?"

"उजवाच करा. यांच्यासारखा."

"उजव्यात माझा हात धरणारं कुणी नाही," बाई म्हणाल्या, आणि टॉवेलांची चळत उपसायला धावल्या.