बोकड गच्चीवर पोचला कसा

टॅक्सी कंपनीत फोनवर बसणाऱ्या ताईचा आवाज असा, की भडकलेलं गिऱ्हाईकही दोन वाक्यांत नरमायचं. तिचा धाकटा भाऊ बारक्या. नावालाच बारक्या, दारातून आत येताना त्याला खांदा तिरका करावा लागे. तो बांधकामावरची उंच क्रेन चालवायचा. त्याच्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. तो बुडबुडा पडद्याला दाबून धरणार, म्हणून बारक्यानं पालथंच राहायचं, मान वर करायची नाही. तेव्हापासून तो ताईच्या घरी पलंगाच्या कडेबाहेर तोंड खाली काढून पडला होता आणि फरशीशी भांडत होता.

करमणूक एकच, ‘लिफ्टवाली’. दोघांचं लाडकं वेबकॉमिक. अफाट उंच इमारतीतली लिफ्टवाली, चष्मा लावणारा तिचा बोकड, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळं जग. ताई मोबाइलवर बघून त्याला एकेक चित्र सांगायची. मग कॉमिकची चित्रकर्ती आजारी पडली, नवे भाग थांबले. ताईनं ते सांगितलंच नाही. पुढचे भाग स्वतः रचले आणि वाचल्यासारखे सांगितले.

तिला ते नवं नव्हतं. वाचकांच्या पानावर लोक त्याच पात्रांच्या आपापल्या गोष्टी टाकायचे, फॅनफिक्शन. तीही टोपणनावानं टाकायची. बारक्याला त्याची भारी चीड. “दुसऱ्याची उष्टी पात्रं चिवडतात मेले!” आता तोच तिचा माल मिटक्या मारत ऐकत होता आणि तिला आतून गुदगुल्या होत होत्या. हेच नडलं.

चित्रकर्ती परतली. खरा भाग आला. ताईनं तो उघडला; तिनं रचलेल्या भागांशी त्याचा काही मेळ नव्हता. सांगावं की नाही या विचारात चहा उकळून कडू झाला, तेवढ्यात बारक्याचा फोन वाजला. क्रेनखाली उभा राहून त्याला वॉकीटॉकीवर सूचना देणारा जोडीदार होता. ताईनं सवयीनं स्पीकर लावला.

“काय रे, मुंग्या मोजून झाल्या का? ‘लिफ्टवाली’चा नवा भाग ऐकलास? बिचारा बोकड! तळघरातच अडकला.”

“तळघरात कुठला? तो मागेच गच्चीवर पोचला की!”

“कुठली गच्ची? इतके दिवस भागच नव्हता, बाबा!”

ताईनं झडप घालून फोन बंद केला. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“ताई, गच्ची कुणाची?”

“माझी.”

बारक्या ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हळू बोलला. “केबिनमधून मला खालचं दिसत नाही. जोडीदार म्हणतो खाली कुणी नाही, मी वजन सोडतो. तो थापा मारायला लागला तर माणूस चिरडेल. मी तुझ्या तोंडून बघत होतो, ताई.”

“अरे, बोकडाची तर गोष्ट...”

“मग डॉक्टर म्हणाले पडदा बसतोय, तेही तूच लिहिलंस का?”

डॉक्टर बोलले होते ते तिच्याशी, बाहेर, दाराआड. बारक्यानं कोपर टेकले. खांदे उचलले गेले.

“मान खाली, बारक्या!”

“बघतोच माझं मी, दिसतंय का ते.”

हा रेडा तिच्यानं दाबून धरवला नसता. तिनं दवाखान्याचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावून फोन त्याच्या नाकाखाली फरशीवर ठेवला. पलीकडे नुसतं संगीत. बारक्याची मान अधांतरी, ना वर ना खाली. ताईचा तो गिऱ्हाइकांना वळवणारा आवाज इथे कामाचा नव्हता.

“कोण?” बारक्यानं नाव सांगून विचारलं. “हां, पडदा छान बसतोय,” डॉक्टर घाईत म्हणाले. “बहिणीला सांगितलंय मी सगळं. मान मात्र वर केलीत तर पुन्हा सुटेल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही.”

बारक्याचं कपाळ पुन्हा उशीच्या कडेला टेकलं. ताईनं फोन उचलून बंद केला.

“वाच,” बारक्या म्हणाला. “चित्रात आहे तेवढंच.”

तिनं वाचलं. लिफ्टचं दार मिटलं, तळघरातल्या अंधारात चष्म्याच्या दोन काचा तेवढ्या चमकत राहिल्या. बारक्या नाक ओढत होता. पालथ्या माणसाचं नाक गळतंच, म्हणाला.

“आता तुझं सांग. त्याला बाहेर काढ तिथून. पण आधी म्हणायचं, हे माझं आहे म्हणून.”

“हे माझं आहे,” ताई म्हणाली.

“आणि डॉक्टरांचा फोन यापुढे स्पीकरवर. नेहमी.”