डाव्या बाजूची काच

सोमवारी सकाळी कामावर निघाले, पर्स डाव्या सीटवर टाकली, ती घरंगळून खाली पडली आणि 'पच्' असा आवाज आला. वाकून बघते तर पर्स पाण्यात. सीटपुढची पाय ठेवायची जागा चिंब झाली होती. रबरी मॅट उचलली तर खालचं कारपेट चहात बुडवलेल्या पावासारखं फुगलेलं. आणि वास तर असा, की ओलं गोणपाट आठवडाभर कोपऱ्यात पडून राहिलंय.

मी तिथूनच ओरडले, "बाबा!"

डावी सीट बाबाची. जुलैचा पाऊस असो की उघडीप, दुपारी जेवण झालं की तो अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसतो. हाताने फिरवायची काच खाली करतो, वारा घेतो, डुलकी काढतो. घरात पंखा आहे, पण पंख्याचा वारा त्याला वारा वाटत नाही. चाळीस वर्षं मिठागरावर काढलेला माणूस, त्याला कोण समजावणार?

बाबा म्हणजे माझा बाप, पंचाहत्तरी ओलांडलेला. आमच्याकडे बापाला अरे-तुरे करतात, त्यात मान कमी होत नाही. तो बाहेर आला, वाकून पाणी बघितलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काल पावसात काच उघडी टाकलीस ना?"

"न्हाय. पाऊस आला तशी लावली मी."

"मग हे पाणी काय काचेतून झिरपलं?"

"लावली व्हती," तो म्हणाला. मग थांबला. "लावली असंल."

या 'असंल'चं कारण सांगायला हवं. वर्षभर बाबा विसरत चालला होता. एकदा दूध उतू जाऊन पातेलं जळलं. एकदा सायकल बाजारात ठेवून चालत घरी आला आणि सायकल चोरीला गेली म्हणून गावभर सांगत सुटला. डॉक्टर म्हणाले, काय काय विसरतात ते टिपून ठेवा, आणि वाढलं तर घरात एकटं ठेवू नका. मी आणि नवरा दोघंही न्हावा शेव्याला कामाला, दिवसभर घरात कोणी नाही. भावाकडे पनवेलला वहिनी घरी असते, पण त्यांचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. तिथे ना अंगण, ना सायकल, ना ओळखीचं माणूस. बाबाला तिथे ठेवायचं की नाही, हा विषय घरात सहा महिने लोंबकळत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरावर मी पेन्सिलीने टिपत होते: दूध. सायकल. गोळी. सोमवारच्या चौकटीत लिहिलं, काच.

मी तापट आहे. आईवर गेलेय म्हणतात. आई असती तर तिने हे ओरडून नाकारलं असतं. त्या सकाळी मी बाबाला नको नको ते बोलले. किती वेळा सांगायचं, गाडीचे हप्ते फिटून वर्ष झालं नाही, उद्या गॅस उघडा टाकशील मग काय करायचं? बाबाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "इसरलो असंन." आणि आत गेला.

संध्याकाळी भावाला फोन केला, "रविवारी आणून सोडते." बाबा ओट्यावर बसला होता, दार उघडं होतं. मंगळवारी सकाळी देवाच्या फळीवर सायकलची चावी दिसली. त्याने स्वतःच आणून ठेवली होती. मला बरं वाटलं नाही, पण मी ती उचलून डब्यात टाकली.

आता रविवारच्या आत गाडी सुकवायला हवी होती, नाहीतर त्या वासात बापाला पनवेलपर्यंत नेणार कशी? नवऱ्याने सीटचे चार बोल्ट सोडून सीट पडवीत आणून ठेवली. कारपेट मात्र पार दोन सीटांमधल्या पट्टीखाली गेलेलं, ते निघेना. खाली बोटभर जाडीचा फोम, पाणी सगळं त्यात. जुने टॉवेल अंथरायचे, वर उभं राहून नाचायचं, टॉवेल पिळायचे, पुन्हा अंथरायचे. मंगळवारी रजा टाकून मी तासभर नाचले. टॉवेल पिळायला बाबा आला. ज्या गाडीतून त्याला सोडायला न्यायचं, तीच तो सुकवत होता. त्याच्या मनगटात अजून जोर आहे. मी पिळलेला टॉवेल तो परत पिळायचा आणि त्यातून वाटीभर पाणी काढून दाखवायचा.

टेबलफॅन आणला, वर्तमानपत्रं कोंबली, कोळशाच्या दोन पिशव्या ठेवल्या. तरी ओल हटेना. मग बुधवारी मोबाईलवर एक बाई सापडली, ती सांगत होती की जाडं मीठ पसरा, मीठ सगळी ओल शोषून घेतं. मिठाला आमच्या घरात तोटा नाही. अर्धी गोणी आणून सगळ्या कारपेटवर नीट थर दिला.

बाबा दारात येऊन उभा राहिला. दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

"पावसाळ्यात मीठ सोता रडतं, आन् तू त्यानं गाडी सुकवतीस? आमी गवतानं शाकारायचो ढीग, कशाला?"

"बाबा, तू गप्प बस. त्या बाईला चार लाख लोक बघतात."

"बघू दे. त्यांच्यात मिठागरवाला एक न्हाय," म्हणून तो निघून गेला.

रात्री धो धो पाऊस झाला. झोपण्याआधी मी स्वतः चारही काचा तपासल्या होत्या, सवयीने दोनदा. गुरुवारी सकाळी गाडी उघडली तर मिठाचा पत्ता नाही, सगळा खारट चिखल. मी कपाळाला हात लावला आणि त्या बाईच्या नावाने चार शिव्या घातल्या. बाबा मागून आला. त्याने वाकून कारपेटवर बोट दाबलं आणि ते जिभेला लावलं.

"शी! काय करतोस? सगळी घाण आहे ती!"

त्याने ऐकलं नाही. मिठागरावर पाणी किती पिकलंय, म्हणजे किती खारं झालंय, ते ही माणसं अशीच बघत. दाराजवळ बोट बुडवून चाखलं, खारं. मधल्या पट्टीजवळ, खारं. मग गुडघे टेकून डोकं आत घातलं आणि अगदी पुढे, डॅशबोर्डच्या खाली कारपेट वर चढतं तिथे बोट दाबून चाखलं. परत चाखलं.

"हितलं गोडं हाय."

"म्हणजे?"

"हितंबी तू मीठ घातलंस ना? मग गेलं कुठं? धुवून गेलं. रातचं नवं पानी हितनं आलंय, वरनं."

मी आत डोकं घालून बघितलं. वर काळोख, वायरी आणि प्लास्टिक. बाबा म्हणाला, "बांध कुठं फुटलाय ते असंच बघायचं. पानी पडतंय तिथनं मागं मागं जायचं. जा, लोटा आन. पुढच्या काचेवर वत." सोमवारपासून खाली मान घालून वावरणारा माणूस मला हुकूम सोडत होता, आणि मी मुकाट्याने लोटा आणायला गेले.

मी वायपरपाशी पाणी ओतलं. बाबा आत टॉर्च घेऊन वाकून बसला होता. पहिला लोटा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला आतून आवाज आला, "आलं! आलं! टपटपतंय!"

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो शुक्रवारी आला, वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली आणि आत हात घालून ओंजळभर काळा लगदा बाहेर काढला. गुलमोहराची बारीक पानं, कुजलेल्या पाकळ्या, वर्षा-दोन वर्षांचा साठा. पाणी जायचं भोक त्या लगद्याने बुजलं होतं. मग पाणी साचून साचून ब्लोअरच्या वाटेने आत उतरत होतं, नेमकं डाव्या बाजूला. "झाडाखाली लावता का गाडी?" त्याने विचारलं. अंगणात एकच गुलमोहर आहे आणि तीन वर्षं मी रोज गाडी त्याच्याच सावलीत लावते.

गॅरेजवाला गेला. बाबा तो लगदा पायाने सारत उभा होता.

"म्हंजे काच मी लावली व्हती," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, स्वतःशीच. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "लावली व्हती मी."

तेव्हा मला कळलं की चार दिवस हा माणूस कशात होता. मी ओरडले त्याचं त्याला एवढं नव्हतं. आपल्याला आठवतंय ते खरं की नाही, हेच त्याला कळत नव्हतं, आणि मी, त्याच्या पोटच्या पोरीने, ते खोटं आहे असं त्याला पटवून दिलं होतं. मला लाज वाटली.

"हो, लावली होतीस. चुकलं माझं, बाबा."

"गाडी झाडाखाली कोन लावतं?"

"मी."

"ल्ही मग कॅलेंडरावर."

म्हणजे त्याने ते वाचलं होतं, सगळं. मी आत गेले, 'काच' खोडरबराने पुसलं आणि त्याच चौकटीत 'झाड' लिहिलं. तो मागे उभा राहून बघत होता. "आता बराबर," म्हणाला. रात्री भावाला कळवलं, रविवारी येत नाही. तो म्हणाला, पुढे काय? मी म्हटलं, पुढचं पुढे. शेजारच्या काकू दुपारी येऊन बसतील का, विचारते.

रविवारी ऊन पडलं. कारपेट धुवून सुकत आलं होतं, सीट परत बसवली, चारही दारं उघडी टाकली. बाबा म्हणाला, "सायकलची चावी दे."

मी विचार केला, नाही असं नाही. मग डब्यातून काढून दिली. म्हटलं, "बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आण. मेथीच्या, बरं का."

"एकदा सांगितलं की कळतं मला."

तो गेला आणि मी फाटकाला धरून उभी राहिले. बाजार दहा मिनिटांवर. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. नवरा म्हणाला, आत ये, लोक बघतायत. बघू देत. मग वळणावर सायकल दिसली. उतरून त्याने सायकल भिंतीला लावली, कुलूप घातलं, ओढून बघितलं, चावी मला दाखवून खिशात टाकली. पिशवी माझ्या हातात दिली.

"बघ, ताजी हाय ना मेथी?"

पिशवीत कोथिंबिरीच्या दोन जुड्या होत्या.

"छान ताजी आहे," मी म्हटलं. संध्याकाळी कोथिंबिरीच्या वड्या केल्या. कॅलेंडराजवळ दोनदा गेले, रविवारची चौकट तशीच कोरी ठेवली.